अठराव्या अध्यायानंतर

इरावती गेली एकोणीस वर्षं एकच गोष्ट पोरांच्या कानीकपाळी ओरडत आली होती. फाइल उघडलीत ना, मग काम झाल्यावर बंद करा. काशीत, घरापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका खासगी कॉलेजात ती सी भाषा शिकवायची. दर वर्षी फाइलींचा धडा आला की मागच्या बाकावरचा कुणीतरी दीडशहाणा हात वर करून ठरलेला प्रश्न विचारायचा.

"मैडम, बंद न करें तो भी प्रोग्राम तो चल जाता है."

"चल जाता है, यही तो मुसीबत है," असं म्हणून ती विश्वनाथाच्या गल्लीतल्या दुकानांचं उदाहरण द्यायची. दर्शनाला जाताना चपला आणि मोबाइल दुकानात ठेवता, दुकानदार टोकन देतो. टोकनं मोजकी असतात. तसंच मशीनही एका चालू प्रोग्रामला एक हजार चोवीस टोकनं देतं. फाइल उघडली की एक टोकन गेलं, बंद केली की परत आलं. कुणीच परत केलं नाही तर एक हजार चोविसाव्या गिऱ्हाइकापर्यंत काही म्हणता काही बिघडत नाही, त्याच्या पुढच्याला मात्र दुकानदार हात हलवून घालवून देतो. आणि प्रोग्राम थांबला की सगळी टोकनं मशीन आपणहून गोळा करतं, त्यामुळे पाच मिनिटं चालणाऱ्या प्रोग्रामात ही चूक कधी उघडकीलाच येत नाही. पोरं हे सगळं वहीत लिहून घ्यायची आणि परीक्षेत विसरायची. मग फाइल बंद करणारी एफक्लोजची ओळ गाळल्याबद्दल इरावती अर्धा मार्क कापायची. कॉलेजात तिचं नाव 'आधा नंबर मैडम' पडलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं.

राहायला ती रामघाटावर, आईवडिलांबरोबर. गल्लीतल्या एका उंच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, खाली कपड्यांना इस्त्री करणाऱ्याचं दुकान, वर माकडांनी ताब्यात घेतलेली गच्ची. वय त्रेचाळीस. लग्नाचं जमलं नाही, आणि तिने फारसं जमूही दिलं नाही. वडील दिनानाथशास्त्री, घरातले अप्पा, शुक्ल यजुर्वेदाचे पाठी. माध्यंदिन संहिता, चाळीस अध्याय, एक हजार नऊशे पंचाहत्तर कंडिका, सगळ्या मुखोद्गत. कंडिका म्हणजे मंत्रांचा एका दमात संथा देता येईल एवढा तुकडा. गुरूने एकदा म्हणायचा, शिष्याने मागून म्हणायचा. काशीत संहिता शिकवणारे पुष्कळ आहेत, पुस्तकंही ढिगाने मिळतात. पण अप्पांच्या घराण्याची म्हणण्याची एक रीत होती. संथ, जड, प्रत्येक स्वर हाताने हवेत दाखवत पुढे सरकणारी. ती अप्पांना त्यांच्या वडिलांकडून आली होती आणि अप्पांपाशी येऊन थांबली होती.

मुलगा होता की, देवव्रत. आठव्या वर्षी मुंज झाल्यापासून अप्पांनी त्याला रोज पहाटे समोर बसवलं. सोळाव्या वर्षी त्याने हात जोडले आणि सांगितलं, अप्पा, मला नाही होत. आता तो बंगळुरूला होता. त्या आठ वर्षांत इरावती मधल्या दाराआड दप्तर भरत, वेणी घालत, दूध गाळत सगळं ऐकायची. देवव्रत अडखळला की पुढचा शब्द तिच्या ओठांवर आलेला असायचा. तिला कुणी बोलावलं नाही. मुलींना बोलवायची रीत नव्हती, आणि अप्पा रीत मोडणाऱ्यातले नव्हते. त्याचा राग आला होता का, असं विचारलं तर ती नाही म्हणायची. खोटं बोलायची. चांगलाच राग होता, आणि तो तिने वर्षानुवर्षं जपून ठेवला होता.

माघात अप्पांचा आवाज बसला. आधी थंडी म्हणून आल्याचा काढा झाला, मग मुलेठी झाली, मग घाटावरच्या वैद्याची चूर्णं झाली. होळीच्या आधी इरावती त्यांना ओढूनच इस्पितळात घेऊन गेली. गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर तरुण होता, पण लपवाछपवी करणारा नव्हता. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाला. श्वासासाठी मानेला भोक ठेवू. जगतील, पण बोलणार नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख दीड महिन्यानंतरची होती.

"पंडितजी," तो अप्पांकडे वळून म्हणाला, "जो बोलना है, तब तक बोल लीजिए."

अप्पा एक्याऐंशीचे. परतताना टोटोत, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षात, बसल्यावर त्यांनी बोटं मोजली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "चाळीस अध्याय, चाळीस दिवस. बसतंय."

"अप्पा, मी भरून ठेवते," इरावती म्हणाली. "कंडिका कंडिका वेगळी ठेवते. पुढेमागे कुणाला संथा घ्यायची झाली तर एकेक लावून मागे म्हणता येईल."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. गल्लीतून जाणाऱ्या बाईला वाट द्यावी तसं ते आयुष्यभर तिच्याशी वागत आले होते, मायेने आणि जरा अंतरावरून. त्या दिवशी त्यांनी तिचा हात धरला.

"येईल तुला?" त्यांनी विचारलं.

"हेच तर शिकवते मी."

मोबाइलवर सरसकट भरलं असतं तरी काम झालं असतं, असं पुढे पुष्कळांना वाटलं. तिलाही वाटलं. पण तिला ते नीट करायचं होतं, संथेच्या रीतीने. हातात मावेल एवढा एक छोटा कॉम्प्युटर तिच्याकडे होता, तो तिने डब्यात बसवला, त्याला मायक्रोफोन जोडला, एक बटण आणि एक हिरवा दिवा जोडला. प्रोग्राम एका रविवारी लिहिला. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, एकीकडे इस्पितळाचे कागद. कंडिका संपली की बटण दाबायचं, दिवा लुकलुकणार, आकडा एकाने पुढे जाणार आणि पुढच्या कंडिकेची नवी फाइल उघडणार. फाइल उघडली नाही तर प्रोग्रामने रडारड न करता पुढे चालायचं, कारण अप्पा मध्येच थांबणार नव्हते. तिथे नंतर काहीतरी लाल इशारा टाकू, असं तिने मनाशी म्हटलं. वीस कंडिका करून पाहिल्या. झकास चाललं. वीस फाइली, वीस आवाज.

बटण दाबायला आई बसली. प्रभावतीबाईंनी संहितेतलं अक्षरही कधी तोंडातून काढलं नव्हतं, पण पंचावन्न वर्षं ऐकून कुठली कंडिका कुठे संपते ते त्यांना झोपेतही कळलं असतं.

अप्पांनी एकच अट घातली. हे पारायण आहे. संकल्प सोडल्यापासून समाप्तीपर्यंत मांडलेलं काही हलवायचं नाही. आसन नाही, पोथीचा चौरंग नाही, समई विझू द्यायची नाही. "आणि तुझी पेटीही त्यात आली," ते म्हणाले. "एकदा बसली की चाळीस दिवस बसली. बंद करायची नाही, उठवायची नाही. आणि समोर तो पडदा नको, डोळ्यांवर उजेड येतो."

"चालेल," इरावती म्हणाली. मनातून ती फुलून गेली होती. अप्पांनी पेटीला पारायणात आसन दिलं होतं, म्हणजे तिलाच दिलं होतं. त्रेचाळीस वर्षांनी दाराच्या अलीकडे जागा मिळाली होती. चाळीस दिवस न थांबणारा प्रोग्राम ही काही सोपी गोष्ट नाही, पण ती करून दाखवणार होती. तिने इन्व्हर्टर आणला, पडदा काढून कपाटात ठेवला, आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी, काशीच्या पंचांगाने चैत्र लागला त्या सकाळी सहाला अप्पांनी पाणी सोडलं.

रोज एक अध्याय. आवाज फाटका होता, मध्येच नुसती हवा यायची, पण स्वर चुकायचा नाही. हात वर जायचा, खाली यायचा, आडवा व्हायचा. आई डोळे मिटून बटणावर अंगठा ठेवून बसायची. कंडिका संपली की दिवा लुकलुकायचा आणि तिघांच्याही जिवात जीव यायचा. इरावती संध्याकाळी लॅपटॉपवरून आकडा तपासायची आणि पंचांगाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवायची. बाराव्या दिवशी एकशे सतरा कंडिकांचा लांबलचक अध्याय झाला तेव्हा अप्पांना रक्ताची थुंकी पडली. त्यांनी ती पंचाच्या टोकात गुंडाळली आणि आईला खूण केली, पोरीला सांगू नकोस. आईने लगेच सांगितलं.

अठराव्या दिवशी सकाळचा पाठ उरकून इरावती प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला कॉलेजात गेली. अकराच्या सुमाराला आईचा फोन आला.

"इरा, बत्ती सकाळपासून नाहीये. ट्रान्सफार्मर जळला म्हणतात. आणि तुझं ते इन्व्हर्टर टूंटूं करतंय."

परीक्षा सहकारी बाईंच्या गळ्यात घालून इरावती धावत सुटली. बॅटरीवाल्याकडून भरलेली बॅटरी घेतली, टोटोत घातली, मैदागिनच्या चौकात उतरली, कारण त्याच्या पुढे गल्ल्यांत काही शिरत नाही. तिथून हमालाच्या डोक्यावर बॅटरी देऊन ती बैलांना, भाविकांना, दुधाच्या बरण्यांना चुकवत घरी पोचली. इन्व्हर्टर शेवटचे श्वास मोजत होता. तिने जुनी बॅटरी न काढता नवी तिला जोडली, एक ठिणगीही उडाली. हिरवा दिवा क्षणभर मंदावला आणि पुन्हा स्थिर झाला. पेटी बंद पडली नाही.

अप्पा आसनाजवळ उभे राहून बघत होते. "शाबास," ते म्हणाले. इतकं साधं कौतुक त्यांनी तिचं त्याआधी कधी केलं असेल तर तिला ते आठवत नव्हतं. ती न्हाणीघरात जाऊन रडली, आनंदाने.

त्यानंतरचे बावीस दिवस सुरळीत गेले. बटण दाबलं जात होतं, दिवा लुकलुकत होता, आकडा वाढत होता. पंचांगाच्या कडेला अठराशे लिहिलं गेलं, एकोणीसशे लिहिलं गेलं. चाळिसाव्या दिवशी पाठाला बसण्याआधी अप्पांनी इरावतीला जवळ बोलावलं.

"इरा, तुझ्यामुळे राहिलं हो सगळं," ते म्हणाले. "आता एवढा म्हणतो आणि मौन धरतो. उद्या नाहीतरी जायचाच आहे आवाज. शेवटचं जे बाहेर पडेल ते संहितेचं असू दे."

तसंच केलं त्यांनी. सतरा कंडिकांचा शेवटचा छोटा अध्याय झाला, समाप्ती झाली, ब्राह्मण जेवले, आणि अप्पा खिडकीशी जाऊन ओठ मिटून बसले. चार वाजता इस्पितळात भरती व्हायचं होतं. आई त्यांचे धुतलेले पंचे पिशवीत भरत होती. इरावतीने आतल्या खोलीत पेटी उचलून आणली, लॅपटॉप जोडला आणि चाळीस दिवसांनी पहिल्यांदा प्रोग्राम थांबवला. साडेअकरा वाजले होते. सगळ्या फाइली तिने पेनड्राइव्हवर टाकायला घेतल्या. काम फार लवकर संपलं.

फाइली एक हजार वीस होत्या.

तिला वाटलं, नक्कल अर्धवट झाली. पुन्हा केली. एक हजार वीस. मूळ पेटीत जाऊन मोजल्या. एक हजार वीस. शेवटची फाइल अठराव्या अध्यायातली एकाहत्तरावी कंडिका होती, त्यानंतर काही नाही. आकडा मात्र एक हजार नऊशे पंचाहत्तरच दाखवत होता. मग तिने प्रोग्राम उघडला. जेमतेम साठ ओळी. बटण दाबल्यावर नवी फाइल उघडायची ओळ होती. तिच्या आधी जुनी बंद करायची ओळ नव्हती.

हिशेब तिला डोळ्यांपुढे दिसला, फळ्यावर लिहिल्यासारखा. एक हजार चोवीस टोकनं. तीन प्रत्येक प्रोग्रामला सुरुवातीलाच लागतात, एक मायक्रोफोनला गेलं. उरलेली एक हजार वीस एकामागून एक वाटली गेली आणि एकही परत आलं नाही. अठराव्या दिवशी शेवटच्या सहा कंडिका राहिल्या असताना मशीनने फाइल द्यायला नकार दिला, आणि प्रोग्राम, त्याला शिकवल्याप्रमाणे, न रडता पुढे चालत राहिला. दिवा बटणाला जोडलेला होता, फाइलीला नव्हता. आई दाबत होती, दिवा लुकलुकत होता, अप्पा रक्त गिळून म्हणत होते आणि पेटी ते सगळं हवेत सोडून देत होती. बावीस अध्याय आणि वर सहा कंडिका.

आणि रोज संध्याकाळी पेटी एकदा बंद करून सकाळी सुरू केली असती तर टोकनं रोज परत आली असती. एक कंडिका गेली नसती. त्या अठराव्या दिवशी ती मैदागिनहून धावत आली नसती, बॅटरी मेली असती, तरी सहाच कंडिका गेल्या असत्या आणि पुढचं सगळं वाचलं असतं. तिने तळहाताच्या फोडासारखी जपली ती नेमकी चूकच. इरावतीने लॅपटॉप मिटला.

मग गच्चीवर जाऊन तिने देवव्रतला फोन लावला. त्याला सगळं सांगितलं.

"परत काढता येईल का रे काही? मेमरी कार्डातून?" तिने विचारलं.

"इरा, लिहिलंच नाही ना ते. पुसलेलं काढता येतं. लिहिलंच नाही ते कुठून काढणार?"

"चार वाजेपर्यंत वेळ आहे. सांगू त्यांना?"

"वेडी आहेस का? साडेनऊशे कंडिका चार तासांत होणार आहेत? उद्या ऑपरेशन आहे. शांतपणे जाऊ दे त्यांना. नंतर बघू. कौन सा भाग रहे हैं वो."

त्याचं चुकलं असं तिला तेव्हा वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला हेच उत्तर हवं होतं. अप्पांच्या शांततेची काळजी होती, ती खोटी नव्हती. पण तिच्या आड दुसरं काही दडून बसलं होतं, ते तिला स्वतःलाही स्वच्छ दिसत होतं. सकाळीच ते म्हणाले होते, तुझ्यामुळे राहिलं. ते वाक्य तिला आणखी थोडे दिवस आपल्यापाशी ठेवायचं होतं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा त्या वाक्याचा लोभ मोठा होता.

ती खाली आली. आईने विचारलं, "झालं का गं सगळं भरून?"

"झालं," इरावती म्हणाली.

अप्पांनी खिडकीशी बसल्या बसल्या कानाला हात लावून खूण केली. ऐकव. तिने स्पीकर लावला आणि पहिल्या अध्यायाची पहिली कंडिका लावली. खोलीत अप्पांचा आवाज भरला. अप्पा बाजूलाच बसले होते, गळ्यात तोच आवाज अजून शाबूत, आणि ओठ घट्ट मिटून ते ऐकत होते. त्यांचा उजवा हात मांडीवर स्वर दाखवत होता. दुपार अशीच सरली. साडेतीनला पिशवी उचलून तिघं जिना उतरली.

शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टर खूश होता. तीन आठवड्यांनी अप्पा घरी आले ते निम्मे होऊन, मानेवर जाळीचा रुमाल बांधून. आईने त्यांच्यासाठी चौकातून पाटी आणि पेन्सिली आणल्या होत्या. आल्या दिवशी त्यांनी पाटीवर पहिली गोष्ट लिहिली ती अशी: उद्यापासून रोज एक.

म्हणजे पुन्हा पारायण. सकाळी सहाला अप्पा आसनावर बसायचे, इरावती अध्याय लावायची आणि अप्पा हाताने स्वर दाखवत सोबत जायचे. ओठही हलायचे, पण मानेच्या भोकातून नुसता श्वास यायचा. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असायचं ते इरावतीला बघवत नव्हतं. तिच्याजवळ अठरा दिवस होते. पहिल्या आठवड्यात तिने ठरवलं की ताकद आली की सांगू. दुसऱ्या आठवड्यात ताकद आली. मग ठरवलं, आजचा अध्याय होऊ दे. तिने काशीतल्या दुसऱ्या दोघा पाठींकडे जाऊन पुढचे अध्याय भरून आणायचा विचारही केला, एकाच्या दारापर्यंत गेली, आणि परत आली. अप्पांना पहिल्या शब्दात कळलं असतं. ती जेवेना, कॉलेजात वर्गावर मध्येच थांबायला लागली. आईला काहीतरी कळत होतं, पण आई विचारत नव्हती.

अठरावा दिवस उजाडला. खाली इस्त्रीवाल्याचा रेडिओ लागला होता. अठरावा अध्याय सुरू झाला, पन्नास झाल्या, साठ झाल्या. एकाहत्तरावी कंडिका संपली आणि स्पीकर थांबला.

अप्पांचा हात थांबला नाही. बहात्तराव्या कंडिकेचा पहिला स्वर वर गेला, दुसरा खाली आला, तिसऱ्याला हात आडवा झाला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण एकटेच चाललो आहोत. हात हवेत राहिला. त्यांनी इरावतीकडे पाहिलं आणि पाटी ओढली.

पुढचं?

"नाही अप्पा," ती म्हणाली. "पुढचं नाहीये."

मग तिने सगळं सांगितलं. जमिनीकडे बघत, वर्गात सांगते तसंच, टप्प्याटप्प्याने. टोकनं सांगितली, न लिहिलेली ओळ सांगितली, दिवा कशाला जोडला होता ते सांगितलं. अठराव्या दिवशीची बॅटरी सांगितली. पेटी एकदाही उठवली नाही म्हणून असं झालं, हेही सांगितलं, त्यावर अप्पांनी डोळे मिटून घेतले, तेव्हा ती घाईने म्हणाली, "तुमची काही चूक नाही. ओळ मी लिहायची होती. माझी चूक आहे." आई बटण दाबायच्या जागीच बसली होती. तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

अप्पांना राग आलेला दिसला नाही. त्यांनी हात पुढे करून इरावतीच्या डोक्यावर ठेवला आणि दोनदा थोपटलं. होतं असं, म्हणावं तसं. तिला हुंदका आला. वाटलं, सुटले. मग अप्पांनी पाटी पुसली आणि लिहिलं.

तुला कधी कळलं?

आज कळलं, असं सांगता आलं असतं. परवा कळलं, तुम्ही इस्पितळात असताना कळलं, काहीही चाललं असतं. देवव्रतने सांगितलं नसतं आणि आईला माहीत नव्हतं. उत्तर तिच्या ओठांवर येऊनही बसलं होतं. पण अप्पा तिच्याकडे पाहत होते आणि ज्याला आता काही विचारायला पाटी लागते त्या माणसाशी आणखी एकदा खोटं बोलणं तिच्याने झालं नाही.

"समाप्तीच्या दिवशी," ती म्हणाली. "साडेअकराला. तुम्ही खिडकीशी बसला होतात."

मानेच्या रुमालाखाली श्वासाचा आवाज तेवढा येत होता. डोक्यावरचा हात त्यांनी काढून घेतला होता, तो केव्हा काढला ते तिला कळलं नाही. मग त्यांनी पाटी मांडीवर घेतली आणि हळूहळू एक ओळ लिहिली. पाटी तिच्यासमोर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

इरावतीने वाचली.

"काय लिहिलंय गं?" आईने विचारलं. "माझा चष्मा आत आहे. वाच ना मोठ्याने."

"आई, राहू दे."

"वाच, म्हणते ना."

इरावतीने पाटी उचलली.

"चाळिसावा अध्याय दहा मिनिटांचा आहे," तिने वाचलं.